भारतीय हवाई दल: तैनाती, सीमा आणि प्रादेशिक सुरक्षा — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमेवर तणाव वाढला की आपल्याकडे किती विमाने आहेत, कोणते विमान कोणापेक्षा सरस आहे आणि कोणत्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती आहे, हे प्रश्न सर्वत्र विचारले जातात. ही विमाने कोठे उभी असतात, तेथेच का उभी असतात आणि एका सीमेवर नेलेले विमान दुसऱ्या सीमेवर कमी पडते तेव्हा काय करायचे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. हवाई दलाच्या तैनातीचा खरा पेच तेथेच आहे. म्हणून पुढील उत्तरांचा भर त्यावर ठेवला आहे.

हवाई दलाची रचना कशी आहे?

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे वापिटी विमानांसह उभी राहिली. आज दलाच्या सात कमांड आहेत. पश्चिम कमांडचे मुख्यालय दिल्लीत, नैर्ऋत्य कमांडचे गांधीनगरला, मध्य कमांडचे प्रयागराजला, पूर्व कमांडचे शिलाँगला आणि दक्षिण कमांडचे तिरुवनंतपुरमला आहे. या पाच कमांड प्रत्यक्ष कारवाईची जबाबदारी सांभाळतात. उरलेल्या दोनपैकी प्रशिक्षण कमांड बंगळूरुत आणि देखभाल कमांड नागपुरात आहे. याशिवाय अंदमान-निकोबार येथे तिन्ही दलांची संयुक्त कमांड असून तिच्यातही हवाई दलाचा वाटा आहे.

स्क्वाड्रन म्हणजे नेमके काय, आणि ४२ हा आकडा सतत का ऐकू येतो?

लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये साधारणपणे १६ ते १८ विमाने असतात. त्यांच्याबरोबर वैमानिक, तंत्रज्ञ, शस्त्रास्त्रे हाताळणारे कर्मचारी आणि सुट्या भागांचा साठा असतो. १८ विमाने असली म्हणून १८ उडतात असेही नाही, कारण काही विमाने कायम दुरुस्तीत किंवा ठराविक उड्डाणतासांनंतरच्या तपासणीत असतात.

पाकिस्तान आणि चीन या दोन्ही आघाड्यांचा विचार करून सरकारने लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर केल्या आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ पासून सहा दशकांहून अधिक काळ सेवेत असलेली ही विमाने गेल्यावर स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली. मंजूर संख्येपेक्षा १३ कमी, म्हणजे दोनशेहून अधिक विमानांची तूट.

राफेलची एक स्क्वाड्रन आणि मिग-२१ ची एक स्क्वाड्रन यांची बरोबरी होऊ शकत नाही, त्यामुळे नुसत्या संख्येवर जाऊ नये, असे म्हटले जाते. क्षमतेच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु कितीही उत्तम विमान असले तरी ते एकाच वेळी अंबाला आणि तेजपूर अशा दोन ठिकाणी असू शकत नाही. ज्या देशाला दोन लांबलचक सीमांवर एकाच वेळी पहारा ठेवायचा आहे, त्याला गुणवत्तेने संख्येची भरपाई एका मर्यादेपर्यंतच करता येते.

ही तूट कशी निर्माण झाली?

तूट अचानक आलेली नाही. जुनी विमाने कोणत्या वर्षी निवृत्त होणार, हे बऱ्याच अगोदर ठाऊक होते. त्यांच्या जागी येणारी विमाने वेळेवर आली नाहीत. २००७ मध्ये १२६ मध्यम वजनाच्या लढाऊ विमानांसाठी निविदा निघाली. राफेलची निवड होऊनही तो करार पूर्ण झाला नाही आणि अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा थेट सरकारी करार झाला. १२६ च्या जागी ३६ आली, तेव्हा उरलेल्या ९० विमानांची जागा रिकामीच राहिली.

देशी बनावटीच्या तेजसच्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिली स्क्वाड्रन २०१६ मध्ये उभी राहिली. सुधारित तेजस मार्क-१ए या आवृत्तीच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. ती २०२४ पासून मिळू लागतील अशी अपेक्षा होती, पण अमेरिकेहून येणाऱ्या जीई-४०४ इंजिनांचा पुरवठा रखडला आणि काही प्रणालींच्या चाचण्याही लांबल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांसाठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला.

तूट भरून काढण्यासाठी दरवर्षी ३५ ते ४० लढाऊ विमाने दलात यायला हवीत, असे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अमरप्रीत सिंग यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. ती म्हणजे वर्षाला दोन स्क्वाड्रन. दरम्यान १९७९ पासून सेवेत असलेली जग्वार, १९८५ पासूनची मिराज-२००० आणि १९८७ पासूनची मिग-२९ ही विमानेही निवृत्तीच्या दिशेने निघाली आहेत. त्यामुळे नव्याने येणाऱ्या विमानांपैकी बरीचशी जुन्यांची जागा भरण्यातच खर्ची पडतील आणि निव्वळ वाढ फार सावकाश होईल. माझ्या मते या विषयातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे, कारण इंजिनाचा कारखाना किंवा प्रशिक्षित वैमानिक संकटाच्या आठवड्यात उभे करता येत नाहीत.

पश्चिम सीमेवरील तळ कोणत्या विचाराने उभारलेले आहेत?

पश्चिमेकडे अंतरे फार कमी आहेत. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान १०० किलोमीटर अंतर सात मिनिटांच्या आत कापते. म्हणून या सीमेवर सूचना मिळण्याचा अवधी आणि जमिनीवर उभ्या विमानांचे संरक्षण, या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व आहे. श्रीनगर, अवंतीपूर, पठाणकोट, आदमपूर, हलवारा, अंबाला, सिरसा, जोधपूर, जैसलमेर, उत्तरलाई, भुज, नलिया आणि जामनगर अशी तळांची रांग जम्मू-काश्मीरपासून कच्छपर्यंत पसरली आहे. काही तळ सीमेलगत, तर काही मुद्दाम मागे आहेत.

या रचनेमागे एक कटू अनुभव आहे. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला तेव्हा तेथील विमाने उघड्यावर उभी होती आणि त्यांपैकी अनेक जमिनीवरच नष्ट झाली. त्यानंतर जाड भिंतींचे आणि वरून झाकलेले निवारे बांधण्यात आले, विमाने विखरून ठेवण्याची पद्धत आली आणि ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने एकाच वेळी अनेक तळांवर हल्ले केले तेव्हा भारताचे नुकसान अत्यल्प झाले. काँक्रीटच्या निवाऱ्यांवर होणारा खर्च बातम्यांत क्वचितच येतो, पण त्या युद्धात त्याचे मोल दिसून आले.

आज धोका फक्त विमानांकडून नाही. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोट तळावर दहशतवादी पायी घुसले आणि २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. तळाचे कुंपण, भोवतालची वस्ती आणि कमी उंचीवरून येणारी लहान यंत्रे हेही आता तैनातीच्या विचारात धरावे लागतात.

शांततेच्या काळातही विमाने उड्डाणासाठी सज्ज असतात का?

होय, दिवसरात्र. आघाडीच्या तळांवर धावपट्टीच्या टोकाजवळ सज्जतेची एक वेगळी जागा असते. तेथे इंधन भरलेली आणि क्षेपणास्त्रे लावलेली विमाने उभी असतात. शेजारच्या खोलीत वैमानिक उड्डाणाचा पूर्ण पोशाख चढवून बसलेले असतात. त्यांचे शिरस्त्राण बहुधा विमानातच ठेवलेले असते. भोंगा वाजला की वैमानिक शिडीकडे धावतात, तंत्रज्ञ चाकांचे अडसर आणि शस्त्रांवरच्या सुरक्षा-पिना काढतात आणि काही मिनिटांत विमान हवेत जाते. बहुतेक वेळा वाट चुकलेले किंवा ओळख न पटलेले नागरी विमान एवढेच कारण निघते. तरीही प्रत्येक वेळी तयारी पूर्ण असावी लागते आणि या पाळीला सणवार नसतात.

उत्तर सीमेवर उंचीचा फायदा नेमका कोणाला?

उंचावर हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना कमी उचल मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो, त्यामुळे विमानाला कमी इंधन किंवा कमी शस्त्रे घेऊन उडावे लागते. तिबेटमधील चीनचे बहुतेक विमानतळ अशा उंचीवर आहेत. न्गारी येथील विमानतळ सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आहे. याउलट भारताचे तेजपूर, छबुआ, हाशीमारा, बरेली हे तळ सखल भागात असल्याने तेथून सुखोई किंवा राफेल पूर्ण भार घेऊन उडू शकते. भूगोलाने भारताला दिलेली ही खरी देणगी आहे.

मात्र तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरेल. गेल्या काही वर्षांत चीनने तिबेट आणि शिनजियांगमध्ये धावपट्ट्या लांब केल्या, विमानांसाठी मजबूत निवारे बांधले आणि हवेत इंधन भरणाऱ्या विमानांची संख्या वाढवली. शिवाय लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी भारतीय धावपट्ट्यांवर मारा करण्यासाठी त्याला विमान उडवण्याची गरजही नाही. म्हणून धावपट्टी फुटल्यास ती किती तासांत दुरुस्त होईल, हा रूक्ष वाटणारा प्रश्न उत्तर सीमेवर फार मोलाचा आहे.

१९६२ च्या युद्धात भारताने लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरलीच नाहीत. वाहतूक विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी मात्र जिवावर उदार होऊन काम केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ जातीचे हलके रणगाडे लडाखमधील चुशूलला उतरवले होते.

२०२० मध्ये लडाखमध्ये हवाई दलाने काय केले?

१५ जून २०२० च्या गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर सैन्य आणि अवजड सामग्री लडाखमध्ये तातडीने पोहोचवणे आवश्यक होते. रस्त्याने हे काम होण्यास आठवडे लागले असते. संरक्षण खात्यातील सूत्रांच्या हवाल्याने पुढे प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक सैनिक, सुमारे ९० रणगाडे, ३३० च्या आसपास चिलखती वाहने, तसेच तोफा आणि रडार मिळून सुमारे ९,००० टन भार तेथे नेला. याच काळात सुखोई, मिग-२९ आणि जग्वार विमाने पुढच्या भागात आणली गेली. २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरलेली पहिली पाच राफेल विमानेही लवकरच लडाखच्या आकाशात उडू लागली.

या आकड्यांमागचे कष्ट समजण्यासाठी लेहचा विमानतळ डोळ्यांपुढे आणावा. सुमारे १०,७०० फूट उंची, चहूकडे डोंगर आणि एकच धावपट्टी. दुपारनंतर वारे जोर धरतात आणि उन्हाने तापलेली हवा आणखी विरळ होते, म्हणून अवजड विमाने पहाटे उतरतात आणि सकाळीच माघारी जातात. सी-१७ विमानाच्या मागच्या उतारावरून चाळीस टनांहून जड रणगाडा बाहेर काढताना तो अगदी सावकाश, हातवाऱ्यांच्या इशाऱ्यावर चालवला जातो. एकेका फेरीत एकच रणगाडा येतो आणि विमान शक्य तितक्या लवकर मोकळे करावे लागते, कारण मागून दुसरे येत असते.

पुढच्या धावपट्ट्यांवरही काम झाले आहे. सुमारे १६,६०० फुटांवरील दौलत बेग ओल्डीची धावपट्टी २००८ मध्ये पुन्हा वापरात आली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तेथे सी-१३०जे हे मोठे विमान उतरले. पूर्व लडाखमधील न्योमा येथे सुमारे १३,७०० फुटांवर बांधलेली पक्की धावपट्टी नोव्हेंबर २०२५ मध्ये कार्यान्वित झाली.

सियाचेनमध्ये हवाई दलाची भूमिका काय आहे?

१३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झालेल्या ऑपरेशन मेघदूतपासून सियाचेनवरील चौक्या हेलिकॉप्टरांच्या भरवशावर टिकून आहेत. चीता हेलिकॉप्टर सर्वांत उंच चौक्यांपर्यंत जाते, पण तेथे एका वेळी काही किलो सामानच नेता येते. बर्फावरील लहानशा जागेत ते टेकते, इंजिन बंद न करता रॉकेल किंवा औषधे उतरवते, आजारी जवान असल्यास त्याला घेते आणि जवळजवळ लगेच उठते. इंजिन बंद केले तर त्या थंडीत ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. ही हेलिकॉप्टरे आता फार जुनी झाली आहेत आणि त्यांच्या जागी नवी येण्यास झालेला विलंब मनाला लागून राहतो.

ईशान्य भारतातील तैनातीत वेगळे काय आहे?

ईशान्येकडील राज्ये उर्वरित देशाशी सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेली आहेत. हा पट्टा सर्वांत अरुंद जागी सुमारे २० ते २२ किलोमीटरच आहे. त्याच्या वरच्या अंगाला चुंबी खोरे आणि डोकलाम आहे, जेथे २०१७ मध्ये भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे ठाकले होते. राफेलच्या दोनपैकी दुसरी स्क्वाड्रन २०२१ मध्ये उत्तर बंगालमधील हाशीमारा येथे ठेवण्यामागचा विचार नकाशा पाहिला की लक्षात येतो.

अरुणाचलमध्ये पासीघाट, मेचुका, वालाँग, तुतिंग, झिरो, विजयनगर अशा पुढच्या धावपट्ट्या नव्याने बांधण्यात आल्या. त्यांचा उपयोग लष्कराइतकाच तेथील नागरिकांना होतो, कारण पावसाळ्यात रस्ते तुटले की काही खोऱ्यांत धान्य आणि रुग्ण नेण्या-आणण्यासाठी हवाई मार्गच उरतो.

समुद्राची बाजू हवाई दल सांभाळते की नौदल?

मुख्य जबाबदारी नौदलाची आहे, पण हवाई दलाचा वाटा वाढत आहे. जानेवारी २०२० मध्ये तमिळनाडूतील तंजावरला सुखोई-३० विमानांची स्क्वाड्रन उभी राहिली. तिची विमाने ब्राह्मोस हे स्वनातीत क्षेपणास्त्र वाहून नेऊ शकतात. अडीच टन वजनाचे हे क्षेपणास्त्र सुखोईवरून प्रथम नोव्हेंबर २०१७ मध्ये डागण्यात आले होते. कार निकोबारचा तळ २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झाला होता आणि तो पुन्हा उभारण्यात आला. मलाक्का सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जलमार्गांवर लक्ष ठेवण्यासाठी त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

मे २०२५ च्या संघर्षातून काय दिसले?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यानंतर ६ आणि ७ मे दरम्यानच्या रात्री ऑपरेशन सिंदूर अंतर्गत भारताने नऊ ठिकाणी हल्ले केले. त्यांत पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील बहावलपूर आणि मुरीदके या ठिकाणांचा समावेश होता. पुढील तीन दिवस ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि तोफा यांचा मारा होत राहिला. १० मे रोजी पहाटे भारताने चकलाला, रफीकी, मुरीद, सक्कर, रहीम यार खान यांसह पाकिस्तानच्या अनेक हवाई तळांवर हल्ले केले आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजल्यापासून शस्त्रसंधी लागू झाली.

विमानांच्या हानीबाबत दोन्ही देशांचे दावे जुळत नाहीत. सुरुवातीला भारताचीही विमाने पडली आणि डावपेच बदलून पुन्हा कारवाई केली गेली, असे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूर येथे मान्य केले. संख्या त्यांनी सांगितली नाही. पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे टेहळणी विमान पाडल्याचे हवाई दलप्रमुखांनी ९ ऑगस्ट रोजी बंगळूरुत सांगितले. पाकिस्तानने ते नाकारले आणि स्वतःकडून सहा भारतीय विमाने पाडल्याचा दावा कायम ठेवला. दोन्ही बाजूंचे आकडे दावे म्हणूनच वाचणे योग्य ठरेल.

लढाईचे स्वरूप बदलले आहे, याबाबत मात्र वाद नाही. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटसाठी मिराज विमानांनी नियंत्रण रेषा ओलांडली होती. २०२५ मध्ये दोन्ही बाजूंची विमाने बहुतांशी आपापल्या हद्दीत राहून दूरवर मारा करत होती. अशा लढाईत आधी कोणी पाहिले आणि ती माहिती वैमानिकापर्यंत किती वेगाने पोहोचली, यावर निकाल ठरतो.

एस-४०० आणि इतर हवाई संरक्षण प्रणालींचे काम कसे चालते?

ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने रशियाशी एस-४०० च्या पाच संचांचा करार केला. डिसेंबर २०२१ पासून तीन संच मिळाले आणि उरलेले दोन युक्रेनमधील युद्धामुळे लांबले. या प्रणालीच्या खालच्या थरांत मध्यम पल्ल्याची एमआरसॅम, देशी आकाश, स्पायडर आणि अगदी जवळच्या लक्ष्यांसाठी तोफा असतात. लष्करी आणि नागरी रडारवरची चित्रे एकत्र आणून हे सारे थर जोडण्याचे काम हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण प्रणाली करते.

हे जोडकाम किती नाजूक असते, हे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी दिसले. श्रीनगरजवळ बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. तत्कालीन हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे स्वीकारले. आपले कोण आणि परके कोण, हे सेकंदांत ओळखणारी साधने नव्या विमानांइतकीच तातडीने हवीत.

लढाऊ विमानांशिवाय सर्वाधिक उणीव कशाची आहे?

हवेत इंधन भरणाऱ्या आणि आकाशातून टेहळणी करणाऱ्या विमानांची. भारताकडे आयएल-७८ जातीची सहाच इंधनवाहू विमाने आहेत आणि ती दोन दशकांपूर्वीची आहेत. मोठ्या रडारची फाल्कन टेहळणी विमाने फक्त तीन आहेत; देशी नेत्रा विमानांची त्यांना जोड आहे, पण त्यांचे रडार चोहोबाजूंनी पाहू शकत नाही. तीन विमानांपैकी एक दुरुस्तीत असेल, तर उरलेल्या दोघांनी कच्छपासून अरुणाचलपर्यंत चोवीस तास पहारा ठेवणे शक्य नाही.

स्क्वाड्रनची कमतरता काही प्रमाणात झाकू शकतील अशी साधने हीच आहेत. इंधनवाहू विमान सोबत असेल तर एक सुखोई दोन विमानांच्या वेळेचे काम करू शकते, आणि पूर्वेकडच्या तळावरून उठलेले विमान त्याच दिवशी पश्चिमेला उपयोगी पडू शकते. या खरेदीला वर्षानुवर्षे मागे ढकलले गेले. संरक्षणाच्या अर्थसंकल्पावर चर्चा होते तेव्हा, २०२५-२६ साठीच्या ६.८१ लाख कोटी रुपयांपैकी या साधनांच्या वाट्याला काय आले, हे लोकप्रतिनिधींनी आवर्जून विचारायला हवे.

चीन आणि पाकिस्तान यांचे लष्करी सहकार्य किती चिंताजनक आहे?

बरेच. जेएफ-१७ हे विमान दोघांनी मिळून बनवले. चिनी जे-१०सी विमाने मार्च २०२२ मध्ये पाकिस्तानी हवाई दलात दाखल झाली आणि त्यांच्यावरील पीएल-१५ हे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्रही चिनीच आहे. त्यामुळे पश्चिमेच्या आकाशात चिनी तंत्रज्ञानाशीच गाठ पडते, आणि तेथे मिळालेला अनुभव चीनपर्यंत पोहोचतो असे गृहीत धरून उत्तर सीमेची तयारी करावी लागते.

हवाई हालचालींबाबत शेजाऱ्यांशी काही करार आहेत का?

आहेत. ६ एप्रिल १९९१ च्या भारत-पाकिस्तान करारानुसार लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत येऊन उडू नये असे ठरले. १९९६ मध्ये चीनशी झालेल्या करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेबाबतही १० किलोमीटरचीच मर्यादा आहे. तणावाच्या काळात अशा मर्यादा ताणल्या जातात, पण रोजच्या उड्डाणांत गैरसमज टाळण्यासाठी त्या उपयोगी पडतात.

एकत्रित थिएटर कमांडबाबत हवाई दलाची शंका काय आहे?

तिन्ही दलांच्या तुकड्या एका भौगोलिक कमांडखाली आणण्याचा विचार १ जानेवारी २०२० रोजी पहिल्या संरक्षण दलप्रमुखांनी पद स्वीकारल्यापासून जोर धरत आहे. हवाई ताकद लवचीक असते, ती काही तासांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेता येते, म्हणून मोजकीच विमाने कायमची वाटून टाकणे परवडणार नाही, असे हवाई दलाचे म्हणणे आहे. २९ स्क्वाड्रन आणि सहा इंधनवाहू विमाने असताना हे म्हणणे मला पटते. संयुक्त नियोजन मात्र विमाने वाढेपर्यंत थांबवून ठेवता येणार नाही.

भारताचे परदेशात हवाई तळ आहेत का?

कायमस्वरूपी लढाऊ तळ नाही. ताजिकिस्तानमधील आयनी विमानतळाच्या विकासात भारताचा सहभाग होता, पण ती व्यवस्था २०२२ मध्ये संपुष्टात आली.

युद्धाव्यतिरिक्त हवाई दल कोठे पाठवले जाते?

३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमधील बंड मोडण्यासाठी आग्र्याहून आयएल-७६ विमाने छत्रीधारी सैनिकांना घेऊन रात्रीच हुलुले बेटावर उतरली. २०१५ मध्ये येमेनमधून आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या शेजारी देशांतून नागरिकांना आणण्यात हवाई दलाची सी-१७ विमाने होती. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधील वादी सय्यिदना येथे दिवे नसलेल्या खराब धावपट्टीवर सी-१३०जे विमान रात्रीच्या अंधारात उतरले आणि १२१ जणांना घेऊन परतले. मार्च २०२५ च्या म्यानमारमधील भूकंपानंतर पहिली मदतही हिंडन तळावरून सी-१३०जे विमानानेच गेली.

या साऱ्यात महाराष्ट्राचे स्थान काय?

पुण्याचा लोहगाव तळ १९३९ पासूनचा आहे आणि सुखोई-३० एमकेआय विमाने सप्टेंबर २००२ मध्ये प्रथम तेथेच दाखल झाली. सीमेपासून दूर असल्याने लोहगाव हा मागचा, सुरक्षित अंतरावरचा तळ ठरतो. नागपुरातील देखभाल कमांड देशभरातील दुरुस्ती आगारांचे काम पाहते. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ पासून सुखोईपर्यंतची विमाने जोडली गेली आणि हवाई दलाच्या ओझरमधील दुरुस्ती आगारात त्यांची मोठी डागडुजी होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या नव्या उत्पादन साखळीतून तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. विमानांच्या तुटीबद्दल वर जे लिहिले आहे, त्याचे उत्तर ज्या मोजक्या ठिकाणी घडायचे आहे, त्यांपैकी ओझर हे एक आहे.

तणावाच्या काळात विमानांच्या हालचालींची चित्रफीत काढून पाठवली तर काय बिघडते?

विमाने कोणत्या दिशेला आणि किती गेली, कोणत्या तळाजवळ क्षेपणास्त्र वाहने दिसली, ही माहिती एरवी मिळवण्यासाठी शत्रूला उपग्रह आणि हेर लागतात. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण कारवायांचे थेट प्रक्षेपण करू नये, अशी सूचना माध्यमांना दिली होती आणि समाजमाध्यमे वापरणाऱ्यांनीही जबाबदारीने वागावे असे सांगितले होते. घराच्या गच्चीवरून काढलेल्या दहा सेकंदांच्या चित्रफितीतही जागा, वेळ आणि दिशा या तिन्ही गोष्टी असतात. ती काढू नये, आणि दुसऱ्याकडून आली असल्यास पुढे पाठवू नये.